बोटभर वर

येब्यो कवळ्या करतो.
अस्मारात, मेदेबरच्या पत्रे ठोकणाऱ्या बाजारामागे
त्याची एका खिडकीची खोली.
फियाट अकराशेचं स्टिअरिंग काखेत मारून मी गेले
तेव्हा बाकावर दोन म्हातारे रिकाम्या तोंडांनी बसले होते.
त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि सरकून दोघांपुरती जागा केली.

चाक उतरवायलाच दोन दिवस गेले होते.
मधला नट सत्तावन्न सालापासून हललेला नव्हता.
हबतोम मेकॅनिकनं त्याला रॉकेल पाजलं, शिव्या दिल्या,
शेवटी मरियमचं नाव घेतलं
तेव्हा कुठे तो कुरकुरला.

एकेकाळी हस्तिदंती असावं. आता जुन्या लोण्यासारखं,
कडांना कॉफीच्या गाळाचा रंग.
आऱ्या कड्याला मिळतात तिथे भेगा, नख आत जाईल अशा,
आणि डावीकडे, घड्याळात दहा वाजतात त्या जागी,
एक चीर, थेट आतल्या सळईपर्यंत.
उजवी बाजू मात्र जवळजवळ कोरी.
आईचा उजवा हात गिअरवर असायचा,
नाहीतर शेजारच्या सीटवरच्या पेटीवर.
कात्री, दोरा, स्पिरिटची बाटली
खड्ड्यात हिंदकळू नये म्हणून दाबून धरलेली.
आई सुईण. निम्म्या गेझा बांदाची नाळ तिनं कापलीय.

येब्योनं चष्मा कपाळावर चढवला,
दातांच्या रंगांची माळ काढली, तारेत ओवलेले सोळा नमुने,
आणि एकेक चाकाला लावून पाहिला.
"हा," तो म्हणाला. "साठीचा, तंबाखू न खाणारा माणूस."
मग हसला.
"तुझ्या आईच्या तोंडात हाच आहे."

भेगा त्यानं आधी रुंद केल्या,
किडका दात कोरतात तशा. मला बघवेना.
"बारीक भेगेत काही धरत नाही," एवढंच बोलला.
चिमूटभर पूड, वर थेंब. पुन्हा पूड, पुन्हा थेंब.
खोलीभर तो गोडसर उग्र दर्प,
माझ्या कपड्यांना आठवडाभर चिकटलेला.
मग पॉलिशपेपर: कोरडा, ओला, त्याहून बारीक,
आणि शेवटी कवळ्यांना लावतात ती पांढरी खळ.
म्हाताऱ्यांपैकी एकाला तोवर दात मिळाले होते.
तो नुसता बघायला येऊन बसायचा.

रविवारी, चर्चहून आल्यावर, आईला गाडीत बसवलं.
एक्याऐंशी वर्षांची. पांढरी नेत्सेला खांद्यावर घट्ट.
तिनं डावा हात ठेवला. अंगठा फिरवला.
पुन्हा फिरवला.
"खूण कुठंय?"

कसली खूण?

"दिवे लावायची सोय नव्हती गं तेव्हा.
कर्फ्यू. खिडक्यांना काळे कपडे.
आणि पोरं काय, रात्रीच यायची.
अंगठ्याखाली चीर आली की समजायचं, चाकं सरळ आहेत.
आता मला कसं कळणार मी कुठे चाललेय?"

ती चीर भरायचे मी पैसे मोजले होते.
घासाघीससुद्धा केली नव्हती.

येब्यो शेजारीच उभा होता, कौतुकाची वाट बघत.
काही बोलला नाही. खिशातून कानस काढली,
दारापाशी गुडघे टेकले,
आणि गव्हाच्या दाण्याएवढी खाच पाडली.

आईनं डोळे मिटले. अंगठा टेकवला.
"नाही. बोटभर वर."

त्यानं दुसरी पाडली.

"हे जरा जास्तच झालं."

"दातांच्या वेळीही हिनं चार खेपा घालायला लावल्या,"
तो माझ्या कानात कुजबुजला.
आईला ऐकू गेलं. नवे दात थोडेसे दिसले.
उद्या तो पुडी घेऊन येणार आहे, दोन्ही खाचा भरायला
आणि तिसरी पाडायला.

गाडी अंगणातच, इंजिन बंद.
आईचे डोळे अजून मिटलेले,
अंगठा दोन खाचांमधल्या गुळगुळीत जागेवर
पुढेमागे, पुढेमागे,
आणि उजवा हात शेजारच्या सीटवर.
तिथे काहीच नव्हतं. तरी दाबून धरलेला.