स्थळपाहणी

कोरम भरेपर्यंत दुपार कलली.
मग निघालो, समितीचे सातजण, तलाठी, वनरक्षक
आणि त्याच्या हातातलं यंत्र,
जे माट्टीच्या झाडाखाली आलं की
आकाश सापडत नाही म्हणतं.

सोयरू वेळीपला सगळं सापडत होतं.
इथे बापाची कुमेरी. इथे नाचणीचं खळं.
हा दगड नव्हे, पाटा. उपडा पडलाय.
"पुरावा?" रक्षकानं विचारलं.
माणूस वाईट नाही, त्याला रकाना भरायचा असतो.
सोयरूनं पाटा उताणा केला:
मधोमध खोलगट,
तीन पिढ्यांच्या बायकांनी झिजवलेला.

मी सचिव. लिहिलं, पाटा, एक.
झिजेला रकाना नव्हता.

ओहोळापाशी सगळ्यांनी पायताणं काढली,
रक्षकानंही, कुणी न सांगता.
पलीकडे देवाचं रान.
तिथे पावटी गांवकर पहिल्यांदा बोलली:
हे मागायचं नाही गो, राखायचं.
तसंच लिही.

कागद चाळले. राखण्याचंही कलम होतं,
आम्हीच कधी तिथवर वाचलं नव्हतं.

तेवढ्यात यंत्राला एक उपग्रह दिसला.
सोयरू म्हणाला, बरं झालं,
पंच कमी पडत होता.
त्याचीही सही घे.