घर पाहावं वाहून

घर पाहावं बांधून, म्हणतात लोक.
मी म्हणतो, पाहावं वाहून.
तिब्लिसीत सदतीस वर्षं हमाली केली,
माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा
कपाटांच्या पाठी मला जास्त ओळखीच्या.
तेव्हा बचाना, नुत्सा, सही करायच्या आधी
या ओतियाचं ऐकून घ्या.
ट्रकचं भाडं मग ठरवू.

ग्लदानीतला तो आठवा मजला तुम्ही पाहिलात
रविवारी, सकाळी अकराला,
ऊन सोफ्यावर येऊन बसलेलं असताना.
त्या वेळी कुठलंही घर देखणंच दिसतं.
मंगळवारी जा, रात्री आठला,
सगळी इमारत भांडी घासत असते तेव्हा,
आणि नळ सोडून बघा, धार किती जाड येते.
लिफ्ट नाणं खाते, तर खिशात चिल्लर न घेता जा.
म्हणजे कळेल,
बाळ कडेवर आणि बटाटे हातात असताना
आठ मजले म्हणजे किती.

मालकिणीला काही विचारू नका.
बाई चांगली आहे,
पण विकणारा जिभेवर साखर ठेवूनच बोलतो.
सातव्या मजल्यावर विचारा.
वरच्याचं पाणी कुठे उतरतं
ते खालच्याच्या छताला ठाऊक.
कोपऱ्यात ताटाएवढाच नवा रंग दिसला
तर तळहात टेकून बघा, गार लागतो का.
भिंतीवर गालिचा टांगलेला असेल
तर वा वा म्हणत उचलून बघा.

आणि ती जादाची बाल्कनी,
नव्वदच्या पडझडीत लोखंडी दांड्यांवर पुढे काढलेली,
ती कागदावर आहे का?
नसेल तर पैसे मोजताना ती मोजू नका,
आणि पियानो तिथे ठेवू नका.
मी ठेवलाय एकदा.
पियानो गप्प होता, इमारत वाजली.

एक पेटी स्वतः बांधा,
ट्रकमध्ये शेवटी चढेल, पहिली उतरेल:
किटली, बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, पाव,
बाळाची उशी. तिचा अभ्रा धुऊ नका,
नव्या खोलीत त्याला जुना वास लागेल.
पेटीवर ‘इतर’ असं कधी लिहू नका.
माझ्या बहिणीकडे ‘इतर’ अकरा आहेत,
एकोणीस वर्षं न उघडलेल्या.

कुलूप बदला. हे मी सगळ्यांना सांगतो.
पहिल्याच दिवशी, चहाच्याही आधी.
जुन्या मालकाच्या भाच्याकडे, रंगाऱ्याकडे
किती किल्ल्या असतील, देव जाणे.

माझं मी बदललं नाही.
फेब्रुवारी होता, पैसे संपलेले,
कुलूप पुढच्या महिन्यावर टाकलं.
तिसऱ्या रात्री दार उघडलं.
धक्क्यानं नाही, नीट, किल्लीनं.
मी हातोडी घेऊन बाहेर आलो, मागे एतेरी.
इपोलिते उभे होते,
ज्यांच्या मुलानं घर आम्हाला विकलं ते.
त्यांनी आम्हाला पाहिलंच नाही.
कोट काढला, खुंटीला अडकवला.
खुंटी मी परवाच उपटली होती.
कोट पडला.
उचलला, पुन्हा अडकवला. पुन्हा पडला.
मग ते कोटाकडेच बघत राहिले,
चूक त्याची असल्यासारखे.

एतेरी आत गेली, डब्यात खुडबुडली,
आणि माझ्या दुसऱ्या हातात खिळा ठेवला.
रात्री दीड वाजता मी खुंटी ठोकली.
खालून शिव्या आल्या, शेजाऱ्यांची पहिली ओळख ती.

हिवाळाभर यायचे, आठवड्यातून एकदा.
चहा घ्यायचे, साखर कमी आहे म्हणायचे.
मुलगा न्यायला यायचा,
टोपी हातात, नजर जिन्यावर.
एप्रिलात एकटा मुलगाच आला, किल्ली द्यायला.

तर कुलूप बदला, बचाना, बदलाच.
फक्त भिंतीतले खिळे उपटायची घाई करू नका,
एक हिवाळा जाऊ द्या.
आणि शनिवारी चिल्लर घेऊन या.
कपाट लिफ्टमध्ये मावत नाही,
पण उतरताना मी मावतो.