किल्ली झिपारकडे आहे

सराईला कुलूप आहे. साधं, पितळी,
कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तसलं.
किल्ली झिपारकडे,
आणि झिपार ओढ्यापलीकडे घोडीचं दूध काढतेय.
थांबा, असं तिचा नातू हातानं सांगतो,
मग स्वतःच एका दगडावर बसून
कसं थांबायचं तेही दाखवतो.

मी थांबते.
एवढ्या उंचीवर नुसतं थांबणं हेही कामच:
छातीचा भाता चालू,
कानात स्वतःच्याच रक्ताची वर्दळ.
वर खिंड. खिंडीपलीकडे काशगर.
या वाटेनं चहाच्या विटा गेल्या, रेशीम गेलं,
पोत्यांतून मुळ्या गेल्या, औषधी, पिवळ्या.
रेवाचिनी.
काष्ठौषधींच्या दुकानात किती वेळा मागितली असेल मी,
तिच्या नावातला चीन
आज पहिल्यांदा ऐकू आला.

झिपार येते. हात ओले, एप्रनला पुसते.
गळ्यातल्या दोरीला किल्ली.
आमच्या दोघींत चार शब्द सामाईक निघतात:
बाजार, दुकान, प्याला, दुनिया.
बाकीचं ड्रायव्हर बेकतूर सांगतो,
त्याला वाटेल तेवढंच.

आत खिडकी नाही.
शाळेतल्या पाट्या एकावर एक रचाव्यात
तशा भिंती, आणि पाट्या सगळ्या पुसलेल्या.
घुमटाच्या भोकातून उजेडाची एक धार पडते,
खाली कुणी चरवी धरलेली नाही.
मी खोल्या मोजते. एकोणतीस.
परत मोजते. तीस.
बेकतूर म्हणतो, एकतीस, सगळ्यांना माहीत आहे.
झिपार म्हणते, सासू चाळीस सांगायची,
पण तिला सगळंच जास्त दिसायचं,
माझ्या चुकासुद्धा.

शेवटच्या खोलीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर
काजळीचा एक रुंद पट्टा.
मी बोटं टेकवते.
आणि मला ऐकू यायला लागतं सगळं:
उंटांची घरघर, ओझी उतरताना सुटलेले दोर,
समरकंदच्या कुणा माणसानं
झोपेत केलेला हिशोब.
डोळे मिटून उभी आहे मी, भारावल्यासारखी,
आणि मागून झिपार हसते.

बेकतूरला सांगायला वेळ लागतो, तोही हसतोय.
ही काजळी आमची, म्हणते ती.
मी सहा वर्षांची. मे महिना, आणि अचानक बर्फ.
वडिलांनी दोनशे मेंढ्या आत घातल्या.
चार रात्री. इथे गोवऱ्या पेटवल्या,
धूर इतका की आई बाहेर जाऊन
बर्फात श्वास घेऊन यायची.
एक मेंढी व्यायली, तुम्ही उभ्या आहात तिथे.
गाइड पाहुण्यांना सांगतात, व्यापाऱ्यांची शेगडी.
मी मध्ये बोलत नाही.
त्यांना बरं वाटत असतं.

मी खाली बघते. पाय थोडा बाजूला घेते.
उंट निघून गेले.
चार रात्रींचा तो धूर मात्र
अजून बोटांच्या टोकांवर आहे,
झिपार माझा हात ओढते
आणि एप्रनच्या कोरड्या कोपऱ्यानं
बोटं पुसून काढते, एकेक, खसाखसा,
नातवाची पुसत असेल तशी.

बाहेर आल्यावर डोळे दुखतात.
तिचा मुलगा ट्रक चालवतो, दुसऱ्या खिंडीतून,
डांबरी रस्त्यानं. चिनी टायर, चिनी सोफे.
इकडे कशाला येईल, म्हणते,
इकडे तर फक्त तुम्ही लोक येता.

कुमिस आंबट, धुराची चव असलेलं.
मी अर्धा प्याला पिते, उरलेलं नातू संपवतो.
मग ती शाळेची एक वही काढते,
चौकटीची. तारीख, देश, माणसं किती.
माझं नाव विचारते, दोनदा म्हणायला लावते,
जीभ दातात धरून तिच्या लिपीत लिहिते.
मला ते वाचता येत नाही.
कुलूप लागल्याचा आवाज येतो.