टेक एक

बुरशी आधी कडांना लागते.
गंगापूर रोडचा फ्लॅट, लोखंडी कपाट,
डांबराच्या गोळ्या,
आणि एकशे बारा कॅसेटी:
माझी सव्वीस वर्षं, पाठीवर लेबल चिकटवलेली.

'डीपिंग, बायका.' दिवसभर मान वर करून
द्राक्षाचे घड औषधात बुडवणाऱ्या,
मजुरी विचारली की मुकादमाकडे बघणाऱ्या.
'नासर्डी, रंगीत.' फक्त सुट्टीच्या दिवशी
आपल्या रंगाची असणारी नदी.
'गोदा, तळ.' सिमेंटवरून जाताना
पाणी कसं मुकं होतं ते पकडायला
काझी तीन दिवस माइक धरून बसला होता.
घाटावर गोधडी आपटत एकजण म्हणाली,
नदी पूर्वी खालून वर यायची,
आता नुसती बाजूनं येते.

"बायका आणि पर्यावरण," अशी माझी ओळख करून देत,
दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी आणि कटलरी' असतं तशी.
मला कधी दोन विषय दिसलेच नाहीत.
डोक्यावर हंडा चढला की
बाई कुठं संपते, पाणी कुठं सुरू होतं,
तिथं कट मारायला मला जागा सापडली नाही.

गेल्या मंगळवारी दारात एक बाई.
"मी यशोदा. चिमणाबाई भोयेची.
तुमच्या पिच्चरमध्ये विहिरीच्या काठावर बसलेली, ती मी."
कोटंबी घाटाखालचा पाडा, एकतीस नंबरची कॅसेट.
आई गेली पावसाळ्याआधी.
फोटो एकच, आधार कार्डावरचा,
त्यात ती घाबरलेली दिसते.

मी तिला फिल्म लावून दिली.
एक्केचाळीस सेकंद: कपारीत पाय रोवत,
भरला हंडा घेऊन वर येणारी चिमणाबाई,
तोंडावर तिरपं ऊन.
ह्याच उन्हाचं एक स्मृतिचिन्ह
माझ्या शोकेसमध्ये आहे.

यशोदा म्हणाली, "हे दुसऱ्यांदाचं.
पहिलं कुठंय?"

विसरले होते, असं म्हणता आलं असतं.

कच्ची कॅसेट. मध्ये पांढरा पट्टा, बुरशीचा.
चिमणाबाई वर येते. ढग.
मग एक आवाज, चौतीस वर्षांचा, माझा:
"बाई, पुन्हा एकदा? ऊन गेलं."
ती बघते. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे.
आणि हंडा विहिरीत उपडा करते.
त्या पडणाऱ्या पाण्याचा आवाज
मी कुठल्याच फिल्ममध्ये वापरला नाही.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं होतं,
"तुझ्या डब्यात मावतं किती?"
मी म्हटलं, साठ मिनिटं.
ती पोट धरून हसली.

यशोदानं तो तुकडा तीनदा बघितला.
रडली नाही.
"आवाज वाढवा. उतरताना काय म्हणते, ऐका."
इतकी वर्षं मला तो नुसता श्वास वाटलेला.
*पोरीला धर.*
आणि लगेच फ्रेम डावीकडे कलते,
आभाळ येतं, बाभळीचा शेंडा, परत आभाळ.
लॉगशीटवर माझं अक्षर:
'टेक एक. शेवटी हलला. बाद.'

मी विचारलं, तेव्हा मी धरलं होतं का तुला?

"धरलं की," ती म्हणाली.
"तुमचा हात पार ओला होता."

साडेपाचची पेठची गाडी गाठायची होती तिला.
पेन ड्राइव्ह तिनं रुमालात बांधला,
एक गाठ मारली,
थांबली,
मग आणखी एक.