भोंग्याची जागा

हंसा, सकाळी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला.
रविवारी साडेपाचला तुझी शोकसभा.
मला पाच मिनिटं दिलीत.
"तुम्ही त्यांच्या जागी काम केलंय ना," म्हणाला.

केलं. अकरा दिवसांत पाठ केलं.
तू हॅम्बर्गला निघालीस तेव्हा गणपती तोंडावर आलेले,
आणि जाहिरातींवर पागनीस छापून झालेलं.
ढवळीकर मास्तरांनी निळ्या शाईनं एकेक नाव खोडलं,
वर माझं लिहिलं, घाईत, ऱ्हस्वदीर्घ चुकवून.
तुझ्या चोळीचे हूक मी दोन बोटं आत घेतले.
काखेतला तुझ्या घामाचा नकाशा
तीन धुण्यांत गेला नाही.

परदेशीपुऱ्यात मांडव. परदेश म्हणजे आपल्याला
तेवढाच ठाऊक, सायकलवर वीस मिनिटं.
तिसऱ्या अंकात नवरा दार उघडतो.
तू म्हणायचीस, "आलात?"
आणि थांबायचीस.
इतकी, की पहिल्या रांगेतल्या वकिलांची
पानंसुद्धा गालात थांबायची.
मग सावकाश, "जेवण गार झालंय."
टाळ्या.
मी म्हणायची, "आलात? जेवण गार झालंय."
कुणीतरी खोकायचं.

तिकडे म्हणे तुझं नाव तुझ्या आधीच पोचलेलं.
चौकाला हंसा, बियरला हंसा, विमानाच्या पोटावर हंसा.
"अपन तर आल्या आल्या फेमस," तू लिहिलंस,
"फक्त काम कोणी देऊन नाही राहिलं."
मग कामं आली. मोलकरीण. ज्योतिषीण.
खलाशाची बायको, पहिल्याच रिळात मरणारी.
निर्वासितांच्या रांगेत डावीकडून तिसरी.
एकदा नव्वद खुर्च्यांच्या थिएटरात राणी,
आणि त्या रात्री एवढा बर्फ, की प्रेक्षक सात.
"सात तर सात. मुकुट खरा पितळेचा होता."

जिरावण मागायचीस. मी सराफ्यातून घेऊन
तीन पिशव्यांत बांधून पाठवायची.
तरी कस्टमवाले शिंकले असणार.
उकडलेल्या बटाट्यांवर ते भुरभुरत
तू पाठ करायचीस संवाद, त्यांच्या भाषेत,
जिच्यात लांब वाक्याचं क्रियापद
शेवटी येतं, आपल्यासारखं.
"तेवढ्यावर निभावलं," लिहिलं होतंस.

नंतर दोन घटस्फोट, एक पुरस्कार, गुडघा.
पत्रांऐवजी कात्रणं.
भाचीनं एकाचा अर्थ लावून दिला:
कुणी समीक्षक लिहितो, या बाईच्या थांबण्यात
पूर्वेचं हजार वर्षांचं मौन आहे.
मी कात्रण विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवलं.

काल रात्री तिनंच मोबाइलवर तुझा सिनेमा लावला.
तू म्हातारी. स्वयंपाकघर. मुलगा दार उघडतो.
काहीतरी विचारतेस, दोनच अक्षरी.
आणि थांबतेस.
का कोण जाणे, मी मोजायला लागले.
सोळा.

अगं, सोळा म्हणजे मालवा मिलचा भोंगा.
रात्रपाळीचा, साडेअकराचा,
ज्याला माझे वडील डबा घेऊन चपला शोधायचे.
बरोबर त्या दाराशी यायचा तो, दर प्रयोगाला.
आपल्याला कुठे ऐकू यायचा?
आपला श्वास आपल्याला ऐकू येतो का?
तालमी दुपारच्या. मला कुणी सांगितलंच नाही.
तू त्याला वाजू द्यायचीस.
मी त्याच्याखाली बोलून मोकळी व्हायची,
आणि पंचेचाळीस वर्षं समजत होते
की माझं वाक्य पडलं.
ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

मिल कधीच बंद झाली. यंत्रं भंगारात गेली,
भोंगाही कुणी किलोवर तोलून नेला असेल.
तू मात्र त्या बर्फात
त्याच्यासाठी थांबून राहिलीस.

रविवारी माझं नाव पुकारतील.
मी माइकपाशी जाईन, म्हणेन, "आलात?"
आणि गप्प उभी राहीन.
सेक्रेटरी घड्याळ बघेल.
सात-आठला मागून एखादा पोरगा धावत येईल
आणि माइक ठोकून बघेल.