खुडूक

सात अंडी हरवली तेव्हा संशय मुंगसावर गेला,
मग शेजारच्या गुणवंताच्या कुत्र्यावर,
मग, थोडा वेळ, गुणवंतावर.

सापडली मागच्या पडवीत,
गंजक्या कूलरच्या पोटात.
गेल्या सालच्या वाळल्या गवतावर
तुरेवाली बसलेली, अंग फुगवून,
एका डोळ्यानं माझ्याकडे बघत,
जसं घरभाडं मीच थकवलंय.

खुडूक झाली होती.
हात घातला तर मनगटावर टोच.
मोजली: अकरा.
सात माझ्या हिशेबातली, चार बिनहिशेबी.

इथं मे महिन्यात कूलर म्हणजे
घरातला कर्ता माणूस.
मांढळहून मिस्त्री आला, जिभकाटे,
नवा पंप, नव्या गवताच्या जाळ्या घेऊन.
झाकण काढलं आणि बोट चोखत मागं सरला.
"बाई, हे उचला आधी."
"उचलली तं अंडी जातीन."
"मंग तुम्ही कशात झोपसान?"

दाराच्या मागं खडूनं पहिली रेघ ओढली.

पहाटे रत्नीचं दूध, निम्म्यावर आलेलं.
तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं की
ती असा सुस्कारा सोडते
की माझंच अंग हलकं होतं.
दुपारी घड्याळ लागत नाही:
बकऱ्या बाभळीच्या सावलीबरोबर सरकतात,
गोठ्याच्या भिंतीला टेकल्या की तीन.
बाकीच्या कोंबड्या चोच वासून उभ्या,
पंख अंगापासून लांब धरून,
घामाचं लुगडं सोडवावं तसे.
त्यांच्या पाण्यात गूळ, चिमूटभर मीठ.

सहाव्या रेघेला नवतपा लागला.
हर्षल गच्चीवरून खाली आला, उशी बगलेत,
"आई, आपण माणसं हाओ ना?"
मी म्हटलं, हाओत, म्हणूनच.
पण मलाही झोप नव्हती.
पत्र्यात ती धापत होती,
दिवसातून एकदा उठायची, चार दाणे, दोन घोट,
आणि पळत माघारी,
गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी.
अंडी उबतील का उकडतील,
हे मला कोण सांगणार?

तेव्हा आमचे हे उठले, न बोलता.
तीन बाजूंना नव्या जाळ्या बसवल्या,
चौथी मोकळी ठेवली येण्याजाण्यापुरती,
पंख्याचं पातं सुतळीनं बांधलं
आणि तांब्यातांब्यानं पाणी सोडलं गवतावर.
अख्खा कूलर एकटीसाठी.
आम्ही अंगणात, खाटेवर, तव्यावरच्या भाकरीसारखे
कूस बदलत.
पहाटे दोनचा तांब्या माझ्या वाट्याचा.

गुणवंता पोरंबाळं घेऊन बघायला आला,
हसून गेला,
दुसऱ्या दिवशी बर्फाची लादी ठेवून गेला.
उमरेड रोडवरचा ढाबेवाला तुरेवालीला डोळ्यानंच तोलत म्हणाला,
"सातशे देतो, आत्ता."
म्हटलं, ती ड्युटीवर आहे.

विसावी रेघ. तांब्या हातात,
आणि गवताच्या आडून एक आवाज,
जुन्या कुलपात किल्ली फिरावी एवढाच.
सकाळपर्यंत नऊ.
ओले, कुरूप, मग तासाभरात
कापसाच्या बोंडासारखे फुललेले,
त्यात दोघं दुसऱ्याच कोंबडीच्या रंगाचे.

उरलेल्या दोन अंड्यांवर ती आणखी एक दिवस बसली.
मग उतरली, नऊ जणांची रांग मागं.
जाताना तिनं वळून पाहिलं नाही.
मी पाहिलं.
दोन्ही पेरूच्या बुडाशी पुरली.

जिभकाटे पुन्हा आला, आधी लांबूनच विचारलं,
"गेली ना?"
संध्याकाळी कूलर धडधडला.
पहिल्या झोतात गवताचा, विष्ठेचा, कोंबडीच्या उबेचा वास,
आणि एक तांबूस पीस
ह्यांच्या उशीवर येऊन पडलं.
सगळे मेल्यासारखे झोपले.

मला दोनला जाग आली.
भरला तांब्या घेऊन पडवीत उभी राहिले,
ओतायला काहीच नव्हतं.
जरा वेळ तशीच.
मग गोठ्यात गेले
आणि रत्नीच्या पाठीवर रिता केला.