दुसऱ्यांदा न जळणारं

पाइप गाळात शिरताना आवाज असा आलाच नाही.
आदेरबाल होडीच्या नाळीवर बसून म्हणाला,
"एवढ्या लांबून येऊन चिखल नेताय?
आमच्या दारात या, फुकट भरून देतो."
लिंदाल्वाबाई हसल्या. मी नाही.
पन्नास हातांवर, कमरेएवढ्या पाण्यात,
माझी आई पायाच्या बोटांनी सुरुरू चाचपत होती
आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती.

सुरुरू म्हणजे शिंपले. करंगळीएवढे, काळपट.
मुंदाऊच्या खाजणात गाळाला धरून वाढतात.
आम्ही तिघं भावंडं त्यांच्यावरच वाढलो.
आईच्या नखांतला काळा कधी गेला नाही,
माझ्या लग्नातसुद्धा, अर्धं लिंबू चोळूनही.

प्रयोगशाळेत मी पाइप उभा चिरते.
सेंटिमीटरला एक चकती, चकतीला एक चिठ्ठी.
वरची सैल, ओली, कालपरवाची.
खाली घट्ट होत जातं सगळं,
वर्षांवर वर्षं बसल्यासारखं.
चकती वाळवायची, कुटायची, आम्लात ठेवायची,
शिंपल्यांचा चुना फसफसून जाऊ द्यायचा.
मग भट्टी. हवा खेळती, तीनशे पंचाहत्तर अंश, चोवीस तास.
पानं जातात. शेवाळ जातं.
कांदळाची मुळं, माशांची विष्ठा,
कोणाकोणाचं काय काय, सगळं जातं.
उरतं ते आधीच एकदा जळून आलेलं.
त्याच्याशी आगीचं काम झालेलं असतं.

बाप ऊस तोडायचा, वर, नदीकाठच्या फडात.
आदल्या रात्री फड पेटवायचे,
पाचट जावं, साप जावेत, कोयता सरळ चालावा म्हणून.
सकाळी दोरीवरच्या चादरींवर
बारीक वळलेल्या काळ्या काड्या.
झटकल्या तर जातात, बोट लावलं की रेघ.
"साखरेचे केस," आई म्हणायची,
आणि कारखानदाराच्या सात पिढ्यांना आठवत पुन्हा धुवायची.
ते पाणी नाल्यात. नाला इथे.
संध्याकाळी बाप यायचा तेव्हा डोळे तेवढे पांढरे.
थुंकी काळी.
रविवारीही काळी, प्रार्थनेहून आल्यावर.

एकेचाळिसावी चकती
माझ्या जन्माच्या आसपासची निघाली,
तीन वर्षं इकडे किंवा तिकडे.
गाड्या उसाच्या दारूवर धावायला लागल्या होत्या,
फड टेकड्या चढून गेले होते.
तराजूची काच लावून मी श्वास धरते.
ग्रॅमभर गाळात तीन मिलिग्रॅम काजळी.
पापणीचा एखादा केस पडला तरी आकडा हलेल.

लिंदाल्वाबाई म्हणतात, एका अर्थी बरंच आहे.
हा कार्बन आता हजारो वर्षं हवेत परतायचा नाही.
तळाशी गेला, सुटला. हिशेबात जमेला धरायचा.
मी जमेला धरते.
त्यांचं चूक नाही, त्यांनीच मला ही नोकरी दिली.
फक्त बापाला पुरलं त्याला अकरा वर्षं झाली,
खोकत गेला, आणि छातीत होतं ते बरोबरच घेऊन गेला.
त्याला रकाना नाही.
विचारून पाहिलं नाही मी. काय विचारणार?

शनिवारी घरी गेले. आई टोपात सुरुरू उकडत होती.
वरचं करडं पाणी तिने दारात ओतलं,
कोंबड्या जरा सरकल्या.
"सापडलं का काही?"
सापडलं, म्हटलं.
"विकलं जाईल?"
नाही.
तिने एक शिंपला उघडला, वाळूचा कण जिभेने काढला.
"मग काम झालं की परत टाका, होता तिथे.
त्यांना धरायला काहीतरी लागतं."